कथेचा आश्रयदाता

बंगळूरच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या वाटेवर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. कन्नड भाषेत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. मात्र आज तेथे नव्या कोटापेक्षा जुन्या विस्तीर्ण तळ्याचीच ओळख अधिक आहे. या गावाचा महाराष्ट्राशी आलेला संबंध साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकल्यानंतर बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्या जहागिरीच्या वसुलावर एक दरबार उभा राहिला, आणि त्या दरबाराच्या आश्रयाने जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला.

अनेक भाषा जाणणाऱ्या या कवीला शहाजीराजांसारखा गुणग्राही धनी लाभला, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे. पण त्या ग्रंथाचे पुढे काय झाले? ज्याच्यासाठी तो रचला त्याने तो ऐकला, सभेने मान डोलावली, आणि पोथी दप्तरात गेली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह तो छापून काढला १९२२ साली. मधल्या अडीचशेहून अधिक वर्षांत सामान्य वाचकाला त्याचा पत्ताही नव्हता. राजाश्रयाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एकाच उदाहरणात दिसून येते. आश्रयदाता एक असला की लेखकाचे पोट भरते, पण श्रोताही एकच उरतो.

पुढे राज्ये गेली, दरबार मोडले, आणि एकोणिसाव्या शतकात मुद्रणकला महाराष्ट्रात रुजली. ग्रंथकारांना मदत करण्यासाठी दक्षिणा प्राइज कमिटीसारखी व्यवस्था सरकारने केली. शाळाखाते काही पुस्तकांच्या प्रती विकत घेई. परंतु बक्षीस देणारा हा नवा धनीही आपली आवड जपूनच देणार. व्याकरण, भूगोल, नीतिबोध यांना तेथे मान होता. मनाने रचलेल्या गोष्टीकडे मात्र शहाणी माणसे संशयानेच पाहत. अशा काळात, १८५७ साली, बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी विधवांच्या दुःस्थितीवर ‘यमुनापर्यटन’ लिहिले. त्याच बेळगाव भागातील जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाचे पहिले संपादक झाले, आणि त्यांची ‘मोचनगड’ ही शिवकालीन कादंबरी त्या मासिकातूनच वाचकांसमोर आली. दुसऱ्याच्या दारात हस्तलिखित घेऊन उभे राहण्यापेक्षा आपले दार आपणच बांधावे, ही वाट या सीमाभागातील लेखकाने फार लवकर ओळखली होती.

त्या वाटेचा राजमार्ग केला तो हरिभाऊ आपट्यांनी. १८६४ साली खानदेशात पारोळ्यास जन्मलेले हरी नारायण आपटे अवघ्या सव्वीस वर्षांचे असताना, १८९० साली, पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढते झाले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी या पत्रातून क्रमशः येऊ लागली. यमू नावाची मुलगी आपल्याच तोंडाने बालपण, विवाह आणि वैधव्य यांची कहाणी सांगते. सोवळ्याओवळ्याच्या घरात बाईच्या जिवाची काय किंमत असते हे उघडे करते. असा विषय कोणत्या धन्याने पैसे देऊन लिहवून घेतला असता? दरबाराला तो रुचला नसता, शाळाखात्याला परवडला नसता, आणि सनातनी धनिकाला तर तो सहनच झाला नसता. पत्र आपले होते म्हणूनच यमूला बोलता आले.

या स्वातंत्र्याची किंमतही हरिभाऊंनी मोजली. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला पुढ्यात येणारा सावकार. मजकूर तयार असो वा नसो, छापखान्यातील खिळे जुळविणारा माणूस वाट पाहत असे. ‘आनंदाश्रम’ या संस्थेची व्यवस्था, पुण्याच्या नगरपालिकेचे काम आणि पत्राचे संपादन या सर्वांतून त्यांना कादंबरीसाठी वेळ काढावा लागे. त्यांच्या कथानकांतील पाल्हाळ, मध्येच सुटलेले धागे आणि अपूर्ण राहिलेल्या काही कादंबऱ्या यांचा हिशेब करताना टीकाकाराने ही गोष्ट विसरू नये. पण त्याच साप्ताहिकाने त्यांना दुसरे काही दिले. पुढील अंकाची वाट पाहणारा वाचक मराठीत त्याआधी इतक्या संख्येने नव्हता. तो या पत्राने घडविला. वर्गणी भरणारी ही माणसे म्हणजे नवा दरबारच होता, पण त्याला एक सिंहासन नव्हते.

१९१३ ते १९१५ या काळात हरिभाऊंनी ‘वज्राघात’ लिहिली. तिचा विषय विजयनगरच्या साम्राज्याचा अंत, म्हणजे कर्नाटकाचे दुःख. ही मराठी कथा कर्नाटकात परत नेणारा माणूस मात्र धनिक नव्हता, मोठा प्रकाशकही नव्हता. हावेरीजवळच्या गळगनाथ या गावचे वेंकटेश तिरको कुलकर्णी हे पेशाने शाळामास्तर. १८६९ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी आपल्या गावाचेच नाव लेखनासाठी घेतले आणि ‘गळगनाथ’ म्हणून ते कन्नड वाङ्मयात अजरामर झाले. तो प्रदेश तेव्हा मुंबई इलाख्यात होता. शाळा-कचेऱ्यांत मराठीचा दबदबा एवढा, की कन्नड माणूस करमणुकीसाठीही मराठी पुस्तक हाती घेई. गळगनाथांनी हरिभाऊंच्या कादंबऱ्या कन्नडात आणल्या. ‘वज्राघात’ त्यांच्या हातून ‘कन्नडिगर कर्मकथे’ झाली. पुढे विजयनगरच्या स्थापनेवर त्यांनी ‘माधव करुणा विलास’ ही कादंबरी लिहिली. अगडी गावच्या आनंदवनातून निघणाऱ्या ‘सद्बोध चंद्रिके’ या मासिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता.

पुस्तक छापले, पण वाचक कोठे आहे? पुस्तकांची दुकाने धारवाड-हुबळीसारख्या शहरांत. वाचायला शिकलेली माणसे मात्र खेड्यापाड्यांत विखुरलेली. तेव्हा गळगनाथांनी आपल्या पुस्तकांचे गाठोडे डोक्यावर घेतले आणि ते गावोगाव फिरले. कर्नाटकात आजही ही गोष्ट आदराने सांगतात. कापड विकणारा, बांगड्या विकणारा कासार जसा दारी येई, तसा कादंबरीकार स्वतः आपली कादंबरी घेऊन दारी आला. त्यात मान-अपमानाचा विचार करण्यास जागा नव्हती. एखाद्या ओसरीवर पाणी मिळाले असेल, एखादे दार लागलेही असेल. पण ज्या घरात एक पुस्तक राहिले, त्या घरात पुढच्या पुस्तकाची भूक मागे राहिली. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत ‘कादंबरी’ हा शब्द एकच आहे. गळगनाथांच्या डोक्यावरील ओझ्यात त्या दोन्ही कादंबऱ्यांचे नाते प्रत्यक्ष चालत होते.

हा मार्ग सर्वांना फळला असे नाही. हिंदीतील थोर कथाकार प्रेमचंद यांनी १९२३ साली काशीत सरस्वती प्रेस काढली, १९३० साली ‘हंस’ मासिक सुरू केले, आणि तोट्याने इतके गांजले की १९३४ साली त्यांना चित्रपटांसाठी लिहिण्यास मुंबईस यावे लागले. दोनच वर्षांनी त्यांचा अंत झाला. लेखकाने व्यापारी व्हावे काय, हा प्रश्न म्हणून सोपा नाही. जो वेळ वर्गण्या गोळा करण्यात आणि कागदाचे बिल चुकविण्यात जातो, तो लेखनातूनच वजा होतो. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्याला तपासणारा, कात्री लावणारा दुसरा डोळाही नसतो. त्यामुळे स्वातंत्र्याबरोबर कच्चेपणाही छापला जातो.

तथापि या सर्वांच्या हिशेबात जमेची एक बाजू सारखीच आढळते. हरिभाऊंनी, गळगनाथांनी आणि प्रेमचंदांनी पुस्तके तर छापलीच, पण त्याहून मोठे काम म्हणजे त्यांनी वाचक निर्माण केला. आश्रय मागून मिळतो. वाचक मात्र चालत जाऊन मिळवावा लागतो.

आज होसकोट्याच्या परिसरात ऑनलाइन विक्रीचा माल साठविणारी प्रचंड गोदामे उभी आहेत, आणि त्या मालात पुस्तकेही असतात. एका प्रतीची मागणी आली तर एकच प्रत छापून देण्याची सोय झाली आहे. नवोदित कादंबरीकाराला ना धनी हवा, ना छापखाना. ज्या मुलखाच्या वसुलावर एकेकाळी एका कवीचा निर्वाह चालला, त्याच मुलखातून आज कोणत्याही अनोळखी लेखकाचे पुस्तक कोणत्याही अनोळखी दाराशी पोचू शकते. गाठोडे आता यंत्राने उचलले आहे. पण दार उघडल्यावर आतल्या माणसाला ते पुस्तक हवेसे वाटले पाहिजे. तेवढे ओझे अजूनही लेखकाच्याच डोक्यावर आहे.