पोरांचे बूट घेताय? आधी कागदावर माप घ्या

जून आला की 'वाढता पाय हाय, दोन नंबर मोठाच द्या' म्हणत बूट घेतले जातात. पैसे वाचतात खरे, पण सैल बुटात टाच घासते, फोड येतात, पोरगं अडखळतं. सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण 1 सेंमी जागा बास झाली.

माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाय थोडा फुगतो. शाळेचे मोजे घालून पोराला कागदावर उभं करा. बसवून नको, उभं राहिल्यावर पाय पसरतो. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय आखा आणि मोठ्या पायावरून नंबर ठरवा. पोराला बाजारात नेणं जमत नसेल तर आखलेला पाय कापून न्या, बुटात घालून बघा. सुतळीच्या मापात रुंदी कळत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना 2023-24 पासून एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे देण्याची योजना आली. तिथंही वयावरून अंदाजे नंबर सांगू नका, हाच कागद गुरुजींकडं द्या.

कोल्हापुरी पायताणाची गोष्ट उलटी. चामडं वापरून सैल पडतं, म्हणून ते थोडं घट्टच घ्यावं. अंगठ्याला चावत असेल तर तिथं खोबरेल तेल लावून आधी घरातच घालू द्या. गगनबावडा, राधानगरीच्या पावसात मात्र ते नकोच, भिजून खराब होतं.

पाय वाढतच असतो. दर तीन महिन्यांनी बुटाचं टोक दाबून बघा. बोट लगेच हाताला लागलं, किंवा शाळेतून आल्यावर पायावर लाल वळ दिसले, तर नंबर बदला.