काथ्याची गादी

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले की ओरत्तनाडु लागते. रामेश्वरचे यात्रेकरू याच वाटेने जात. दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांनी मुक्तांबा या आपल्या प्रिय सहचरीच्या स्मरणार्थ येथे छत्र बांधले. गावाला मुक्तांबाळपुरम असे नावही पडले. छत्रांत काय चाले, हे सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्राने कळवले होते: येईल त्याला अन्न, आजाऱ्याला औषध, तान्ह्या मुलाला दूध. दमल्या वाटसरूला टेकायला जागा देणे ही या गावाची जुनी ओळख.

आज या भागात नारळाच्या बागा आहेत. नारळ सोलला की सोडण उरते आणि सोडणापासून काथ्या निघतो. इंग्रजीतला ‘कॉयर’ हा शब्द दोराला म्हणणाऱ्या ‘कयिरु’ या दक्षिणेकडच्या शब्दावरूनच गेला. मोटारीच्या इतिहासात या काथ्याला एके काळी मानाची जागा होती. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये सीटच्या स्प्रिंगांवर काथ्याचीच गादी असे. काथ्याला पीळ देऊन उकलला की तो कुरळा होतो. त्यावर रबराच्या झाडाचा चीक फवारायचा, साच्यात दाबायचे आणि गरम हवेत पक्के करायचे. दाबली तरी पुन्हा उभी राहणारी, वारा खेळता ठेवणारी गादी तयार.

मग तिची जागा गेली कशी? १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. त्याचा फोम हलका, हव्या त्या आकारात झटपट ओतता येणारा. कारखानदाराची सोय झाली. पण हा फोम एकदा घट्ट झाला की वितळवून नव्याने ओतता येत नाही. गाडी भंगारात गेली की लोखंडाला गिऱ्हाईक मिळते, फोम मात्र कचऱ्यात जातो.

म्हणून आता पुन्हा झाडापाल्याची आठवण होते आहे. ही आठवणही नवी नाही. हेन्री फोर्ड यांनी १३ ऑगस्ट १९४१ रोजी डिअरबॉर्न येथे सोयाबीनची म्हणून गाजलेली मोटार लोकांपुढे आणली. महायुद्धात तो प्रयोग थांबला. पूर्व जर्मनीच्या ट्राबांटचे अंग टाकाऊ कापसाच्या धाग्यांचे होते. पण ते धागे फिनॉलच्या राळेत जखडलेले. १९९१ साली ट्राबांटचे उत्पादन थांबले, तेव्हा त्या पत्र्यांचे करायचे काय, हा प्रश्न उरलाच. कापूस शेतातला असूनही कचरा प्लॅस्टिकचाच झाला.

धडा हा, की धागा कुठला एवढेच विचारून भागत नाही. त्याला बांधले कशाने, हेही विचारावे लागते. काथ्याच्या गादीत धागाही झाडाचा आणि चीकही झाडाचा. गंधकाने पक्के केलेले रबर लगेच कुजते असे नाही. तरीही ती गादी खनिज तेलातून आलेली नसते. १९९०च्या दशकात डायमलर-बेंझने ब्राझीलच्या पारा राज्यात ‘पोएमा’ प्रकल्पाबरोबर नारळाच्या काथ्याची डोकेटेकणी आणि सीटचे भाग करून घेतले. जुनी रीत नव्या कारखान्यात बसते, हे त्यातून दिसले. त्या प्रकल्पाचा दुसरा हेतूही ध्यानात ठेवण्याजोगा होता: सोडणाचे पैसे बागाइतांच्या गावात राहावेत.

ओरत्तनाडुच्या परिसराला हा दुसरा प्रश्न जास्त लागू आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गाजा चक्रीवादळ किनाऱ्यावर आले आणि तंजावर जिल्ह्यातले असंख्य माड एका रात्रीत आडवे झाले. नवे रोप फळावर यायला कित्येक वर्षे लागतात; तेवढी वर्षे बागाइताने खायचे काय? नारळाबरोबर सोडणालाही भाव असेल, तर अशा घराला थोडा आधार होतो. मोटारीतला फोम कमी करायचा असेल, तर हिशेब इथपर्यंत यायला हवा. छत्रात वाटसरूची सोय होती, पण तिचा खर्च राजाने उचलला होता. आजच्या वाटसरूच्या गादीचा भार माड लावणाऱ्यावर पडू नये.