चकती गतिरोधक : झीज व नूतनीकरण यांचा इतिहास

मोटारगाडीच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून गाडीचा वेग कमी करणारी यंत्रणा. व्यवहारात तिला ‘डिस्क ब्रेक’ म्हणतात. गाडीची गतिज ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेत रूपांतरित होते व चकतीतून हवेत निघून जाते. १,००० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी ताशी ७२ किमी. वेगावरून थांबते तेव्हा सु. २ लाख जूल ऊर्जा अशा रीतीने खर्ची पडते. या क्रियेत पॅड व चकती यांची झीज अटळ असते. म्हणून पॅड केव्हा बदलावयाचे आणि चकती कातून पुन्हा वापरावयाची की टाकून द्यावयाची, हा प्रश्न या यंत्रणेइतकाच जुना आहे.

ऐतिहासिक आढावा : इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये गतिरोधकांची घर्षण द्रव्ये बनविण्यास आरंभ केला. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकती गतिरोधकाचे एकस्व घेतले. त्यात धातूवर धातू घासत असल्याने कर्कश आवाज येई व झीजही लवकर होई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रूड यांनी ॲस्बेस्टस धाग्यांचे उष्णतारोधक अस्तर प्रचारात आणले. तथापि पुढील सु. पन्नास वर्षे मोटारगाड्यांत ड्रम गतिरोधकांचेच वर्चस्व राहिले. त्यांचे भाग बंदिस्त असल्याने चिखलापासून सुरक्षित राहत; परंतु सतत वापरात ड्रम तापून पकड मंदावे. झिजलेले अस्तर काढून जुन्याच शूवर नवे अस्तर रिव्हेटांनी बसविणे व ड्रम आतून कातणे ही तेव्हा गॅरेजमधील नित्याची कामे होती. मुंबईत कुर्ला येथे बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनी गाडीलाही ड्रम गतिरोधकच होते.

१९५३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत चकती गतिरोधक असलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली आणि उघड्या चकतीचा, ती लवकर थंड होण्याचा, लाभ सर्वांच्या लक्षात आला. १९५५ मधील सिट्रोएन डीएस व १९५६ मधील ट्रायम्फ टीआर ३ या गाड्यांमुळे ही यंत्रणा सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. तिच्यामुळे देखभालीची पद्धतही बदलली. पॅड पोलादी पाठपट्टीसह तयार मिळू लागला. जुन्याला नवे अस्तर लावण्याऐवजी तो पूर्ण बदलणे सोपे ठरले.

पॅडची मर्यादा : नव्या पॅडच्या घर्षण द्रव्याची जाडी सामान्यतः १० मिमी. च्या आसपास असते. ती सु. ३ मिमी. उरली की पॅड बदलणे इष्ट मानतात. ब्रिटनमधील वार्षिक तपासणीत १.५ मिमी. पेक्षा पातळ पॅड असलेली गाडी नापास ठरते. मर्यादा गाठल्याची सूचना चालकास मिळावी म्हणून काही पॅडांना पातळ पोलादी पट्टी असते. ती चकतीस घासून किंचाळल्यासारखा आवाज करते. काही गाड्यांत विद्युत् संवेदकामुळे दिवा लागतो. सूचना दुर्लक्षिल्यास पाठपट्टीच चकतीवर घासते, चकतीवर खोल चरे पडतात व गाडी थांबण्यास लागणारे अंतर वाढते. पॅड एकाच आसावरील दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. अन्यथा गाडी एका बाजूस ओढली जाण्याचा संभव असतो.

चकती कातणे किंवा बदलणे : चकतीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. नव्या चकतीची जाडी व ही मर्यादा यांत पुष्कळदा सु. २ मिमी. चेच अंतर असते. चकती कातयंत्रावर कातून सपाट करता येते; परंतु कातल्यावरही जाडी मर्यादेपेक्षा अधिक राहिली पाहिजे. पातळ चकती कमी उष्णता साठविते, लवकर तापते व तिला तडे जाऊ शकतात. गतिरोधक दाबल्यावर पायाखाली जाणवणारी थरथर चकती वाकल्यामुळे येते असे मानण्याचा प्रघात आहे. पुष्कळदा मात्र जाडीतील मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक किंवा पॅडच्या द्रव्याचा असमान थर हे तिचे कारण असते. पूर्वी चकत्या जाड व महाग असल्याने कातकाम किफायतशीर होते. पुढे त्या हलक्या व स्वस्त झाल्या, मजुरी वाढली आणि अनेक देशांत चकती बदलण्याकडेच कल झुकला.

धुळीचा प्रश्न : झिजलेले द्रव्य धुळीच्या रूपाने बाहेर पडते. ॲस्बेस्टसयुक्त अस्तरांची धूळ हवेच्या झोताने उडवून साफ करण्याची रीत गॅरेजमध्ये दीर्घकाळ रूढ होती. ॲस्बेस्टसचे धागे श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे रोग अनेक वर्षांनंतरही उद्‌भवतात. ज्या द्रव्याने प्रवाशांस सुरक्षितता दिली, त्याच द्रव्याने ते हाताळणाऱ्या कामगारांचे जीवित धोक्यात आणले. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टसवर बंदी घातली. यूरोपीय संघात २००५ पासून बंदी आली, तर अमेरिकेने २०२४ मध्ये तसा नियम केला. तांब्याची धूळ पाण्यात मिसळून माशांना अपायकारक ठरते, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये पॅडमधील तांबे टप्प्याटप्प्याने घटविण्याचा कायदा केला. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या ‘यूरो ७’ नियमांत गतिरोधकांच्या धुळीवर प्रथमच मर्यादा घातली.

विद्युत् मोटारगाड्यांत चलित्रच जनित्राप्रमाणे कार्य करून वेग कमी करते. त्यामुळे पॅड कमी झिजतात. परंतु वापराअभावी चकती गंजते व झिजण्यापूर्वीच निरुपयोगी होऊ शकते. म्हणून २०२० मध्ये बाजारात आलेल्या फोक्सवॅगन आयडी ३ या गाडीच्या मागील चाकांना बंदिस्त ड्रम गतिरोधक बसविण्यात आले.