हिरोशिमाचे फादर लासाल आणि झेन

जॉन हर्सी यांचे ‘हिरोशिमा’ (१९४६) साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यातील जेझुइट प्रमुख फादर लासाल ६ ऑगस्ट १९४५ रोजी काचांनी जखमी होतात आणि पुढे कथनातून जवळजवळ बाजूला पडतात. त्यांना ‘पात्र’ म्हणण्याची आमची सवय सुटत नाही. परंतु हा माणूस खरा होता, आणि त्याची अधिक विलक्षण कथा त्या पुस्तकाबाहेर घडली.

ह्यूगो लासाल (१८९८-१९९०) हे जर्मन धर्मगुरू १९२९मध्ये जपानला गेले. ज्या लोकांत धर्मप्रसार करायचा त्यांचे मन कळावे, हा त्यांचा झेनकडे वळण्यामागील प्रारंभीचा हेतू होता. त्यात कावा नसला, तरी निखळ जिज्ञासाही नव्हती, असे आम्हांस वाटते. १९४८मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व आणि एनोमिया हे नाव स्वीकारले. १९५६मध्ये ते हारादा सोगाकू या झेन गुरूंकडे शिकू लागले. भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास निश्चल बसणे आता त्यांच्या प्रार्थनेचाच भाग झाले.

१९६०मध्ये झेनवरील त्यांचे जर्मन पुस्तक निघाले. श्वास, आसन आणि प्रतिमांपासून मोकळे झालेले मन ही ख्रिस्ती गूढवाद्यांनाही अपरिचित नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुस्तकाच्या पुढील आवृत्तीस रोमहून मनाई झाली. त्यांना बंडखोर ठरवण्याचा मोह येथे आवरावा लागतो. त्यांनी आज्ञा पाळली, ध्यान मात्र सोडले नाही. १९६५मध्ये व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्याचा आदर करणारे घोषणापत्र स्वीकारले आणि वारे बदलले. १९६९मध्ये तोक्योजवळ त्यांचे ध्यानकेंद्र उभे राहिले. पुढे यामादा कोऊन या गुरूंनी त्यांना, धर्म सोडण्याची अट न घालता, शिष्य मानले.

पण ध्यान बौद्ध दर्शनापासून असे सोडवून घेता येते काय? अनात्म आणि शून्यता बाजूला ठेवल्यावर उरते ते झेनच का? लासाल यांच्या लेखनात याचे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही.

दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. हारादा यांनी युद्धकाळात जपानी लष्करवादाचे उघड समर्थन केले होते. ब्रायन व्हिक्टोरिया यांच्या ‘झेन ॲट वॉर’ (१९९७) या ग्रंथात ते लेखन उद्धृत आहे. अणुबॉम्बमधून वाचलेला, पुढे हिरोशिमात शांततेसाठी स्मारक-चर्च उभारण्याकरिता झटलेला हा धर्मगुरू अकरा वर्षांनी शिकायला बसला, तो याच हारादांपुढे.