एक्सएफसीई

एक्सएफसीई हे लिनक्स व अन्य युनिक्ससदृश संचालन प्रणालींसाठीचे मुक्तस्रोत, हलके डेस्कटॉप वातावरण आहे. ऑलिव्हिये फूर्दां यांनी १९९६ साली त्याची सुरुवात केली. कमी मेमरीच्या जुन्या संगणकांवर ते विशेष उपयोगी पडते.

पॅनेल, विंडो व्यवस्थापक व थुनार हा फाइल व्यवस्थापक हे त्याचे स्वतंत्र घटक असल्याने प्रत्येकाची मांडणी वेगळी बदलता येते. पॅनेल पडद्याच्या कोणत्याही कडेला नेता येते. रुंद पडद्यावर उभे पॅनेल अधिक सोयीचे. हे बदल होम फोल्डरमधील लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात साठवले जातात.

मराठी वापरकर्त्याने फॉन्ट दोन ठिकाणी निवडावा लागतो: मेनूंसाठी ‘स्वरूप’ विभागात आणि विंडोच्या शीर्षकासाठी विंडो व्यवस्थापकात. दुसरी जागा अनेकदा नजरेतून सुटते. देवनागरी फॉन्टच नसेल, तर अक्षरांऐवजी चौकटी दिसतात. लोहित देवनागरी हा मुक्त फॉन्ट त्यासाठी पुरेसा आहे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम मात्र थीमचे नसून पँगो या लायब्ररीचे असते. ही सोय सार्वत्रिक होण्यापूर्वी एनसीएसटी या संस्थेने ‘इंडिक्स’ प्रकल्पात थेट एक्स विंडो प्रणालीच्या पातळीवर भारतीय लिप्यांचा आधार देण्याचा प्रयत्न केला होता. २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या या संस्थेचे एक केंद्र नवी मुंबईत खारघर स्थानकाजवळ आहे.