आईचं अंगण

गेल्या जानेवारीत भाचीच्या स्नेहसंमेलनासाठी मी पुण्याहून चांदवडला आले होते. खासगी बालवर्ग, भाड्याने घेतलेलं मंगल कार्यालय आणि आवाज पार रंगमहालापर्यंत जावा असे स्पीकर. साडेतीन वर्षांची माझी भाची मोर झाली होती. गाणं लागलं, बाकीचे मोर नाचू लागले आणि ही मधोमध उभी राहून, पिसारा सावरत, समोरच्या गर्दीत आजीला शोधू लागली. पडद्याआडून बाईंचे हातवारे चालू होते. भावाने मोबाईल खाली घेतला. मलाही वाईट वाटलं. आई मात्र हसत होती. म्हणाली, "बघू दे की तिला. एवढी माणसं एका जागी कधी पाहिलीत तिने?"

आई पंचवीस वर्षं अंगणवाडी सेविका होती, वडाळीभोईच्या बाजूच्या एका वस्तीवर. तिच्याकडेही वर्षातून एकदा संमेलन व्हायचं. त्या दिवसांत कांद्याची लागण चालू असायची, बाया शेतातून परतायच्या संध्याकाळी, म्हणून कार्यक्रम पाचनंतर. स्टेज नाही, पडदा नाही. सारवलेल्या अंगणात आया गोल करून बसायच्या आणि मुलं मध्ये. ऐकलेली गोष्टच मुलं करून दाखवायची. कुणी मध्येच आईच्या मांडीवर जाऊन बसलं, तर आई गोष्ट त्याच्याशिवाय पुढे न्यायची. ते पोर थोड्या वेळाने आपणहून परत यायचं.

मला वाटायचं, पैसे नाहीत म्हणून हे असं. त्यामागे केवढा इतिहास आहे, ते फार उशिरा वाचलं.

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मारिया मॉन्टेसरी यांचे विचार त्यांनी घेतले आणि त्यांना गोष्टी, गाणी, नाटुकली यांची जोड दिली. पाठ करून घेतलेलं म्हणून दाखवण्यापेक्षा मुलाने आपल्या आनंदासाठी खेळावं, हा त्यांचा आग्रह. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. पण ही सोय शहरातल्या मुलांची. खेड्यातल्या गरीब मुलांचं काय, या प्रश्नापायी त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालविधवा झालेल्या अनुताईंनी हट्टाने शिक्षण घेतलं होतं, आपल्या नाशिक जिल्ह्यात ग्रामीण शाळेत शिकवलं होतं आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत.

बोर्डीला बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती ही. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये वाढलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभर अशी लाखो केंद्रं आहेत.

सेविकांना मात्र पगार नाही, मानधन. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला तो एप्रिल २०२२ मध्ये. तोवर आई घरी बसली होती.

हा इतिहास सांगायचं खरं कारण वेगळंच आहे. आठवीत शाळेत एक फॉर्म भरायचा होता. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिलं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणींच्या आया एक तर शिक्षिका होत्या, नाहीतर खरोखरच घरी. माझी आई पोरांची नाकं पुसते आणि खिचडी वाढते, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. फॉर्मवर सही आईनेच केली. तिने तो रकाना वाचला होता. बोलली काहीच नाही.

पुढे मी इंजिनिअर झाले. पहिल्या वर्षाच्या फीमध्ये त्या मानधनातून साठवलेले पैसेही होते. आता ऑफिसात नवीन मुलांना शिकवताना, कुणी अडलं तर मी थांबते, त्याच्या हातातून कीबोर्ड ओढून घेत नाही. याबद्दल माझं कौतुक होतं. ही रीत मी कोणत्याही प्रशिक्षणात शिकलेले नाही.

संमेलनाहून परतताना भाची आजीच्या कडेवर होती. घरी पोचल्यावर तिने ओट्यासमोर अख्खा नाच करून दाखवला, गाण्याशिवाय. बघायला आम्ही तिघंच होतो. त्या रात्री आईजवळ फॉर्मचा विषय काढला. ती म्हणाली, "अगं, लहान होतीस. मुलं बुजतात."

मित्रमैत्रिणींनो, या स्मरणिकेसाठी आलेल्या माहितीपत्रकातही आई-वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आहे. तो मी सगळ्यात आधी भरला : आई, अंगणवाडी सेविका, पंचवीस वर्षं.