शिरपूरचा दुसरा पॅटर्न

शिरपूर म्हटलं की बाहेरची माणसं 'शिरपूर पॅटर्न'बद्दल विचारतात. नाले खोल केले, बंधारे बांधले, विहिरींना पाणी आलं, वगैरे. पण तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या पाड्यांवर 'पॅटर्न' हा शब्द वेगळ्याच अर्थाने ऐकू येतो. एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न. हा सिकलसेलचा पॅटर्न.

मागच्या लग्नसराईत अशाच एका पाड्यावर ठरलेली सोयरीक मोडली. मुलीच्या कार्डावर 'एएस' लिहिलेलं. झालं, 'पोरगी आजारी आहे' एवढंच गावभर पसरलं. मुलाची तपासणी झालीय का, हे कुणी विचारलंच नाही. मी तिथे होतो आणि मीही तोंड उघडलं नाही. ते मनात राहिलं म्हणून हे लिहितोय. जरा मागून सुरू करतो.

1904 साली ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण दातांचा डॉक्टर व्हायला शिकागोला गेला. तिथे आजारी पडला, दवाखान्यात भरती झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काही लाल पेशी गोल नाहीतच, विळ्यासारख्या वाकलेल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये हे छापलं. नोएल शिकून मायदेशी परतला, दवाखाना चालवला आणि 1916 मध्ये न्यूमोनियाने गेला. वय अवघं 32. आपल्या रक्ताने वैद्यकशास्त्रात नवं पान उघडलंय, हे त्याला कुणी सांगितलं असेल का, कोण जाणे.

पेशी वाकते का, हे समजायला तिच्या आत डोकवावं लागतं. शाळेत आपण पेशीची आकृती काढायचो: मधे केंद्रक, भोवती तंतुकणिका, रायबोसोम. लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होताना तिच्यातही हे सगळं असतं. पण पक्व होताना ती केंद्रक बाहेर टाकते, तंतुकणिका आणि रायबोसोमही उरत नाहीत. घरातलं सामान बाहेर काढून सगळ्या खोल्यांत धान्याची पोती भरावीत, तसं तिच्यात हिमोग्लोबिन भरलेलं असतं. एका पेशीत साधारण 27 कोटी रेणू! ऑक्सिजन वाहायला हे उत्तम. पण केंद्रक नाही, रायबोसोम नाही, म्हणजे काही बिघडलं तर दुरुस्तीचा कारखानाच नाही.

आणि बिघाड केवढासा? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 कड्या असतात. त्यातली सहावी कडी बदललेली, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस्स. ऑक्सिजन सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात आणि पेशीला आतून ताणतात. ताठ झालेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, तेव्हा हाडं ठणकतात. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. ताप आला, थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं, की दुखणं उसळतं.

दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवलं. नेमकी कोणती कडी, ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1956-57 मध्ये शोधलं. पण तोवर अमेरिकेत हा 'काळ्या लोकांचा आजार' म्हणून शिक्का बसलेला होता. 1952 मध्ये लेहमन आणि कटबुश यांना तो निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सापडला, त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही दिसला. 1958 मध्ये नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद छापली. विदर्भात तर आदिवासींबाहेरच्या समाजांतही तो आहे. तरी आपल्याकडे शिक्का बसलाच, 'आदिवासींचा आजार'. अमेरिकेत जी चूक झाली तीच आपण केली, फक्त माणसं बदलली.

खरं कारण जात नाही, मलेरिया आहे. अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये दाखवलं की ज्यांना हा जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलाय, म्हणजे एएस, त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे एएसवाली लेकरं जास्त जगली, त्यांचा वंश वाढला. त्या मुलीच्या कार्डावरचं 'एएस' म्हणजे तिचे पूर्वज तापातून कसे तरले, त्याची नोंद आहे. एएस हा वाहक असतो, सहसा धडधाकट. आजार एसएसला.

आता त्या सोयरिकीचं बघा. मुलगा एए असता तर त्यांच्या एकाही मुलाला एसएस झाला नसता. मुलगाही एएस असता, तरच प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. मग मुलीचा रिपोर्ट एकटा बघून ठरवलं काय?

2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. 2023 मध्ये केंद्राचं अभियान सुरू झालं: 17 राज्यांत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन. कागदावर चांगलंय. पण तपासणीनंतर समजावून सांगणारं माणूस नसेल, तर कार्डाचा उपयोग पोरी नाकारायलाच होणार. सोल्युबिलिटी टेस्ट एएस आणि एसएस दोघांचीही पॉझिटिव्ह येते. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी झाल्याशिवाय कोण काय ते कळत नाही, आणि लोक पहिल्याच कागदावर घाबरतात. अजून एक: एसएस रुग्णाचं रक्त पेशी फुटल्यामुळे कमी होतं. लोह कमी आहे का ते न तपासता त्याला गोळ्या चालू ठेवू नका, डॉक्टरांना विचारा.

भोंगऱ्या आणि होळी झाली की पाड्यांवर पुन्हा लग्नं ठरू लागतील. ज्यांच्या घरात मुलगा आहे, त्यांनी त्याचं रक्त त्याआधीच तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत.